चाळीस मास्तर

गाडीत बसण्याआधी आमचे मास्तर चपला काढून रस्त्याच्या कडेला ठेवत. देवळाबाहेर ठेवतात तशा, जोडीनं, टाचा एका रेषेत. मग अनवाणी पायांनी डावीकडच्या सीटवर बसत आणि शिकणाऱ्याला म्हणत, "चला साहेब. अन् परत आनून सोडा." परत आणून सोडायचं म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी कोणालाच कळत नसे. आपण मुर्री गावाकडून एक फेरी मारून यायचो, गाडी थांबवायचो. मास्तर दार उघडून डावा पाय खाली सोडायचे. तो पाय चपलेत पडला तर आपण पास. चपला वीतभर पुढं राहिल्या किंवा मागं गेल्या, तर नापास. रागावणं वगैरे काही नाही. आपण पाहीपर्यंत तो पाय ते नुसता हवेत धरून ठेवत, मग तापलेल्या डांबरावर टेकवत आणि दोन पावलं चालून चपला घालत.

मी अकरा वेळा नापास झालो. आरटीओनं मला पहिल्याच खेपेला लायसन्स दिलं, ते घेऊन मी नागपूरला गेलो, तिथं नाही नाही त्या गाड्या चालवल्या. पण मास्तरांकडचा निकाल काही लागला नव्हता. बारा वर्षं तो तसाच लटकत होता आणि खरं सांगायचं तर मनातून मला तो डाचत होता.

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे मुर्रीच्या रस्त्यावर पत्र्याची एक खोली, एक बाक, आणि एक जुनी पांढरी मारुती. मास्तरांच्या बाजूला जादा ब्रेक बसवलेला होता, पण तो त्यांना वापरावा लागलेला मी फारसा पाहिला नाही. गाडीच्या हॉर्नची वायर त्यांनी काढून ठेवली होती. ती फक्त आरटीओच्या परीक्षेच्या दिवशी जोडत आणि संध्याकाळी पुन्हा काढत. मी एकदा तक्रार केली की समोर म्हैस आली तर काय करायचं. म्हणाले, "म्हैस काल बी इथंच होती ना जी? तुम्ही पाह्यलं नाई म्हनून तुम्हाले हॉर्न पाह्यजे."

दुसरं एक खूळ होतं. शिकायला येणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासाठी 'साहेब'. दवाखान्यातली नर्स असो, किराणावाल्याचा मुलगा असो, नाहीतर माझ्यासारखा कॉलेजात नापास झालेला टोणगा, सगळे साहेब आणि बाईसाहेब. आणि ज्या दिवशी चपलांवर गाडी थांबली, त्या दिवसापासून तो माणूस नुसता 'पोरा' किंवा 'बाई'. लोकांना हे उलटं वाटे. कोणी विचारलं तर म्हणत, "ज्याले येत नाई त्याले मान द्या लागते, नाईतर तो भेते. ज्याले येते त्याले मान कायले?"

पहिल्या दिवशी तर गाडी मिळतच नसे. पहिल्या दिवशी पायी चालायचं. ज्या रस्त्यावर शिकायचं तो सगळा रस्ता मास्तरांबरोबर जाऊन-येऊन चालायचा. कुठं खड्डा, कुठं नळाची गळती, कोणाच्या घरातून कुत्रं धावून येतं, कुठल्या दारातली म्हातारी न बघता रस्ता ओलांडते. फी भरून चालायचं म्हणजे काय ते, असं म्हणून अर्धे लोक तिथूनच पळून जात. मी पळालो नाही, कारण फी माझ्या वडिलांनी आधीच देऊन टाकली होती.

आणि चालून झाल्यावर मिळे ती चाळीसची मर्यादा. मास्तरांची गाडी चाळीसच्या वर गेलेली गोंदियात कोणी पाहिली नव्हती. सिव्हिल लाइन्समधल्या बायका स्कुटीवरून आम्हाला मागं टाकून जात आणि वळून हसत. गावानं त्यांचं नावच 'चाळीस' ठेवलं होतं. आधी त्यांनी बरीच वर्षं बस चालवली होती. बस रोज उशिरा नेत म्हणून त्यांना घरी बसवलं, अशी एक कंडी आम्हीच पिकवून ठेवली होती. ती खोटी होती हे आम्हाला ठाऊक होतं, तरी आम्ही ती सांगायचो. तरण्या वयात माणूस किती हलकट असतो याचा हा एक नमुना.

कधी कधी, शिकवणी छान झाली की मास्तर गाडी बिरसीकडे न्यायला सांगत. तिथं विमानतळाच्या कुंपणापाशी गाडी उभी करून आम्ही बसायचो. वैमानिकी शिकणाऱ्या पोरांची छोटी विमानं दिवसभर चढत-उतरत असतात. विमान उडालं की मी हरखून वर पाही. मास्तर तिकडं बघतही नसत. "उडते सारेच," म्हणत. "उतरून राह्यला तो पाहा." एकदा एक विमान धावपट्टीला टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. मास्तर मनापासून चुकचुकले. "गेल्या बिचाऱ्याच्या चपला."

बारा वर्षांनी मी त्यांच्या दारात पुन्हा उभा राहिलो तो वेगळ्याच कारणानं. नागपूरच्या एका शोरूममध्ये मी लागलो होतो. परदेशी गाड्या, एकेक अशी की लोक नुसता हात लावायला येत. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. पाच महिने संपले होते आणि माझ्या हातून एकही गाडी गेली नव्हती. मॅनेजरनं खुर्ची जवळ ओढून अगदी गोड आवाजात सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत एक तरी गाडी, नाहीतर गळ्यातलं कार्ड टेबलावर. घरी बायकोला मी हे सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात गोंदियाचे एक सेठ भेटले. राइस मिलवाले, मनानं दिलदार, बोलणं सगळं हिंदीत. त्यांना आमची सगळ्यात मोठी एसयूव्ही हवी होती. सहाशेच्या वर हॉर्सपॉवर, चार सेकंदांच्या आत शून्यावरून शंभर. मी गाडी त्यांच्या दारात आणून दाखवली, त्यांनी भोवती तीन फेऱ्या मारल्या, सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "गाड़ी तो ज़बरदस्त है. पर मास्टरजी चला के देखेंगे, वो हाँ बोलेंगे तो लूँगा." सेठही मास्तरांचेच विद्यार्थी. त्यांची मोटारसायकलपासून ट्रकपर्यंत प्रत्येक गाडी मास्तरांच्या होकारानं आलेली. ज्या माणसानं मला अकरा वेळा नापास केलं, त्याच्या एका होकारावर आता माझी नोकरी अडकली होती.

मास्तर म्हातारे झाले होते, पण वाळून अधिक ताठ झालेले. खांद्यावर तोच दुपट्टा. मी सगळं खरं सांगितलं, नोकरीचंही. लपवून काय करणार! त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या दहा वाजता येतो, साहेब." साहेब! बारा वर्षांनंतरही.

रस्ता मी निवडला होता. बिरसीच्या पुढं एक सरळ पट्टा आहे. चहाच्या टपरीपासून ओढ्यावरच्या छोट्या पुलियापर्यंत दोन किलोमीटर नाकासमोर. पुलियानंतर एक सौम्य वळण, त्याला दोन्ही बाजूंनी बेशरमाची झाडी, आणि वळणापलीकडे पुन्हा लांबलचक सरळ रस्ता. आदल्या दिवशी सहा वाजता मी तो गाडीनं दोनदा पाहून आलो होतो. चिटपाखरू नाही. सेठना मी म्हणून ठेवलं होतं, "पुलियापर्यंत पूर्ण दाबा, वळण ही गाडी शंभरनंही हसत घेते. खरी मजा पुढच्या पट्ट्यात आहे." पाच महिन्यांत माझं इतकं छान जुळलेलं वाक्य हे एकच.

दहाला मास्तर सायकलवर आले. सायकल टपरीला टेकवली, गाडीपाशी उभे राहिले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग बॉनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी सुरू झालो. टॉर्क सांगितला, सस्पेन्शन वरखाली करून दाखवलं, मसाज करणारी सीट चालू केली.

"पयते किती?" मास्तरांनी विचारलं.

"तीनशेच्या जवळपास."

"अन् शंभरावरून थांबाले किती जागा लागते?"

मला माहीत नव्हतं. शून्य ते शंभर दशांशासकट पाठ होतं, सनरूफची लांबी-रुंदी पाठ होती, पण ही गाडी थांबते किती अंतरात हे मला पाच महिन्यांत कोणी विचारलंच नव्हतं. आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

"म्हंजे तुम्हाले गाडी अर्धीच ठावं हाय, साहेब," मास्तर शांतपणे म्हणाले. सेठ खो खो हसले. मी टाय सारखा केला.

टेस्ट ड्राइव्हच्या फॉर्मवर त्यांनी सावकाश सही केली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून लायसन्स काढून दाखवलं. आता बसतील म्हणून मी दार उघडून धरलं, तर ते वळून रस्त्यानं चालू लागले.

"मास्तर, गाडी इकडं आहे!"

"रस्ता तिकडं हाय. चला. सेठजी, तुम्ही बी या."

सेठनी वर उन्हाकडे पाहिलं, "मास्टरजी, आप हो आओ," म्हणाले आणि एसी लावून गाडीत बसले. मी गेलो. नवे बूट, गळ्यात टाय, आणि पुढं सत्तरीतला माणूस झपझप. मनात मी त्यांना काय काय म्हणत होतो ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडी विकायला आणलेली, गिऱ्हाईक आत बसलेलं, आणि मी रस्त्यातले खड्डे मोजतोय!

मास्तर काहीच सोडत नव्हते. एका ठिकाणी डांबर उखडून खडी वर आली होती, तिथं उभं राहून त्यांनी पायानं ती चाचपली. अर्ध्या वाटेवर उजवीकडून शेतांतून येणारी एक पांदण रस्त्याला मिळत होती. कडेला सायकल टेकवून एक शेतकरी बिडी ओढत होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "इकून गाड्या येते का जी?" तो म्हणाला, "धानाचे दिवस हायेत, येईनच ना." "मंग दीड घंटा इथं उभे राहा जी. कोनी आलं त थांबवून धरा." तो हो म्हणाला. काऊन म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मास्तरांना लोक नाही म्हणतच नसत.

पुलिया आली. माझ्या टाचेला फोड आला होता. मी म्हटलं, "आता पुढचं मी काल पाहिलंय मास्तर, मोकळा आहे रस्ता."

"कव्हा पाह्यला?"

"सहा वाजता. संध्याकाळी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते वळणाकडे चालू लागले. मी मागं गेलो.

वळण घेतलं आणि मी जागीच उभा राहिलो.

रस्त्याचा अर्धा भाग पिवळाधम्मक होता. वीतभर नव्हे, शंभर-सव्वाशे पावलं लांब धान पसरलेलं. एक म्हातारी बाई पदर खोचून अनवाणी त्यात चालत होती, पाय न उचलता, घासत घासत, म्हणजे दाणे उलटून खालची बाजू वर यावी. तिच्या पायांच्या रेघा धानात ओढल्यासारख्या उमटत होत्या. आणि धानाच्या अलीकडच्या टोकाला, म्हणजे आमच्या बाजूला, एका पोत्यावर पिवळट लुगड्याची घडी ठेवलेली होती. निदान मला ती घडी वाटली. तेवढ्यात घडी हलली आणि तिच्यातून एक छोटी मूठ बाहेर आली. म्हातारीची नात. दीड-दोन वर्षांची. गाढ झोपलेली.

मी गोंदियाचा माणूस. माझ्या आजोळचं धान रस्त्यावरच वाळायचं, पायानं धान उलटायला मीसुद्धा चाललोय. ऊन चढलं की धान पसरायचं आणि उन्हं उतरली की गोळा करून ताडपत्रीखाली झाकायचं, हे इथल्या शेंबड्या पोराला कळतं. आणि मी कापणीच्या दिवसात, संध्याकाळी सहा वाजता रस्ता पाहून, तो मोकळा आहे असं ठरवून बसलो होतो. वर सेठना सांगितलं होतं, वळण शंभरनं घ्या. मी तिथंच पुढच्या मैलाच्या दगडावर बसलो.

"मावशी, कव्हापर्यंत राह्यते जी धान?" मास्तरांनी विचारलं.

"चार वाजेपर्यंत. काऊन, गाडी न्याची हाय का? सरकवू का थोडं?"

"नोको नोको. राहू द्या. आता रस्ता तुमचाच हाय."

मास्तरांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. परत पुलियापाशी आल्यावर त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, कठड्याच्या अलीकडच्या दगडावर अंथरला आणि वर एक धोंडा ठेवला. "इथून पुढं जायाचं नाई," म्हणाले, आणि आम्ही दोन किलोमीटर परत चालत आलो.

टपरीपाशी त्यांनी चपला काढल्या आणि आज स्वतः चालवणार म्हणून गाडीच्या उजव्या बाजूला ठेवल्या. आत बसून विचारलं, "क्लच कुठं?" मी म्हटलं, क्लच नाही. "मंग डाव्या पायाले काम नाई?" नाही. "बरं, बसून राहू दे त्याले." आणि डावा पाय चक्क मुडपून सीटवर घेतला. लाखो लोक ज्या सीटचं स्वप्न बघतात तिच्यावर मास्तर अर्धी मांडी घालून बसले होते.

पहिली खेप चाळीसनं. पुलियापर्यंत चाळीस, दुपट्ट्यापाशी थांबून, वळवून परत चाळीस. सेठ मागच्या सीटवरून म्हणाले, "मास्टरजी, ये तो मेरी पुरानी गाड़ी भी कर लेती है." दुसरी खेप साठनं. थांबताना मास्तर ब्रेकवरचा पायाचा अंगठा किंचित हलवून पाहत होते, तांदूळ बोटांत चोळून बघावा तसा. मी मनातून नोकरीवर पाणी सोडलं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी आरशात पाहिलं, मुडपलेला पाय खाली घेतला, सेठना पट्टा लावायला लावला, पांदणीच्या दिशेला लांब उभा असलेला तो सायकलवाला नीट पाहून घेतला, आणि दाबलं.

मी ती गाडी महिनाभर चालवत होतो. मला वाटायचं मला ती माहीत आहे. त्या दिवशी कळलं की मी तिच्यात नुसता बसत होतो. पाठ सीटला अशी चिकटली की श्वास आतच राहिला. आवाज झाला तो इंजिनाचा नव्हता, वाऱ्याचा होता. बाहेरची झाडं झाडं राहिली नाहीत, एक हिरवी रेघ झाली. आकडा शंभर, एकशेवीस, एकशेचाळीस. आणि या सगळ्यात मास्तरांचे हात! लेकराचं बोट धरावं इतक्या हलक्या हातांनी त्यांनी स्टिअरिंग धरलं होतं. उखडलेली खडी आली तेव्हा गाडी हातभर उजवीकडे सरकली आणि पुन्हा जागेवर आली. सरकली हे मला फक्त खडी डावीकडून गेली म्हणून कळलं. पांदण गेली. सायकलवाल्यानं हात वर केलेला दिसला आणि तोही मागं गेला. एकशेसाठ. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चाळीसला असायचं तेच होतं.

मग त्यांनी पाय काढला. मला वाटलं, इतक्या लवकर? पुलिया अजून कुठंच्या कुठं होती. ब्रेक कधी लागला ते कळलं नाही. धक्का नाही, हिसका नाही. वेग नुसता गळत गेला. समोर सेठनी ठेवलेलं चष्म्याचं घर जागचं हललं नाही. झाडं पुन्हा झाडं झाली. दगड दिसला, दुपट्टा दिसला, त्याचे काठ दिसले, आणि गाडी उभी राहिली. मी काच खाली करून पाहिलं. पुढचं चाक दुपट्ट्याच्या रेषेत होतं.

मागून सेठचा आवाज आला, "मास्टरजी..." आणि त्यांनी बसल्या जागीच हात जोडले. माझे डोळे भरून आले होते. भीतीनं असतील, लाजेनं असतील. पण त्याहून जास्त या गोष्टीनं, की हा माणूस बारा वर्षांपूर्वी माझ्या शेजारी बसायचा आणि आम्ही त्याला 'चाळीस' म्हणून हसायचो.

"मास्तर, हे एवढं येत होतं," मी कसंबसं विचारलं, "तर इतकी वर्षं चाळीसनं कशाला?"

"तव्हा गाडी माझी नोहती जी. शिकनाऱ्याची होती. त्याले जेवढी थांबवता येते, तेवढीच पयवाची."

"पण हे शिकलात कुठं?"

"मी थांबाले शिकलो होतो. बाकी तिनं केलं." त्यांनी डॅशबोर्डवर हलकेच थाप मारली. परतताना चाळीस. टपरीपुढच्या मोकळ्या जागेत गाडी वळवून ते उतरले तेव्हा पाय चपलांत पडले, हे सांगायला नको.

सेठ उत्साहानं हात चोळत होते. "तो मास्टरजी? लूँ ना?"

मी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं.

"गाडीत खोट नाई," मास्तर म्हणाले. "आजपर्यंत पाह्यल्या त्यात हिच्यासारखी नाई. पन आज घेऊ नोका, सेठजी. तुम्ही रस्ता चालले नाई. एसीत बसून राह्यले. पुलियाच्या पलीकडं एक बाई हाय. ज्या दिवशी तिच्यापर्यंत पायी जाऊन याल, त्या दिवशी घ्या."

सेठचा चेहरा उतरला. हसण्यावारी न्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण जमलं नाही. "ठीक है, देखेंगे," म्हणाले आणि त्यांच्या ड्रायव्हरनं आणलेल्या गाडीत बसून निघून गेले. धंद्यात 'देखेंगे'चा अर्थ काय होतो ते मी पाच महिन्यांत नीट शिकलो होतो.

नोकरीचं आधी सांगून टाकतो. महिनाअखेरीला मी कार्ड टेबलावर ठेवलं. पुढच्या महिन्यात एका सकाळी सेठचा फोन आला. धापा टाकत होते. "मैं पुलिया के आगे खड़ा हूँ. पैदल आया हूँ. बाई मिली, बच्ची भी मिली." आणि थोडं थांबून, "तुमने मुझे बोला था, मोड़ सौ से लो." मी हो म्हटलं. गाडी त्यांनी घेतली. तिची विक्री माझ्या जागेवर आलेल्या मुलाच्या नावावर लागली. सेठ ती गाडी गावात कितीनं चालवतात हे विचारलंत तर गोंदियात कोणीही हसून सांगेल. मास्तर आता अर्जुनी मोरगावला लेकीकडे असतात. मारुती विकली नाही, दारात उभी आहे.

पण सांगायचं आहे ते त्याच दिवशीचं. सेठ गेले आणि टपरीपाशी मी, मास्तर आणि ती एवढी मोठी गाडी उरलो. माझा तोल गेला.

"मास्तर, तुम्हाला सांगितलं होतं मी! माझी नोकरी होती ती! एक हो म्हणायला काय झालं असतं? चालायचं ते सेठ नंतर चालले असते!"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. टपरीवाला चहा गाळायचा थांबून बघत होता.

"नंतर कोनी चालत नाई," ते म्हणाले. मग वाकून चपला काढल्या, रस्त्याच्या डाव्या कडेला जोडीनं ठेवल्या आणि गाडीच्या डाव्या सीटवर जाऊन बसले. "चला साहेब."

फोडांनी टाचा सोलवटल्या होत्या. मी बूट-मोजे काढले, त्यांच्या चपलांच्या पुढं थोडे लांब ठेवले आणि अनवाणी आत बसलो. पेडल पायाला गार लागलं.

चाळीसनं निघालो. मला प्रथमच तो रस्ता दिसत होता. खडी कुठं येणार ते मला आधी कळत होतं, कारण तिथं माझा पाय मुरगळला होता. पांदणीपाशी सायकलवाला अजून उभा होता, मास्तरांनी हात केल्यावर तो सायकलवर बसून गेला. पुलियावर थांबून मी दुपट्टा उचलला आणि वळणावरून बैलगाडीच्या चालीनं पुढं गेलो. धानाच्या अलीकडं गाडी उभी केली. नात उठून बसली होती, हातात मुरमुरे. म्हातारीनं गाडीला एक फेरी मारली, मागची डिकी पाहिली आणि मला विचारलं, "हिच्यात पोते किती बसते जी?"

डिकीचे लिटर मला पाठ होते. पण मी वळून पाहिलं, अंदाज घेतला आणि म्हटलं, "सीट पाडल्या तर आठ."

"आठच?" ती म्हणाली आणि पुन्हा धानात चालायला गेली. मास्तर पोट धरून हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतलो. टपरीपुढं वळवली. चपला दिसल्या. हातभर पुढं ठेवलेले माझे बूट दिसले, त्यांच्या अलीकडे त्या झिजलेल्या चपला. या गाडीत कॅमेरे आहेत, पडद्यावर चारी बाजू दिसतात. मी पडदा बंद केला. पाय सोडला, वेग गळू दिला, आणि जिथं थांबावंसं वाटलं तिथं थांबलो.

मास्तरांनी दार उघडलं. पाय खाली सोडला. मी पाहत होतो, त्या पायाकडे, हवेत थांबतोय का म्हणून. तो थांबला नाही. मग दुसरा पाय गेला. ते उभे राहिले, दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला, आणि चपलांचा फटफट आवाज करत दोन पावलं चालल्यावर मागं वळले.

"उतर पोरा," म्हणाले. "चहा घेऊ."

मी अनवाणीच उतरलो. महिनाअखेरीला जाणारी नोकरी त्या वेळी मला आठवतही नव्हती.